दहावी पट्टी

मौनेश पत्तार आयुष्यभर एकच खोटं बोलत आला होता, आणि ते त्याला इतकं पाठ होतं की बोलताना तो कधी अडखळत नसे. चित्राच्या तळाशी या नऊ पट्ट्या कुठून आल्या, असं कोणी विचारलं की तो चष्मा काढून हातात घ्यायचा आणि मग म्हणायचा, "बदामीच्या कड्यांमधून. लहानपणी मी ते थर बघत बसायचो." ऐकणारे माना डोलवायचे. लिहिणारे लिहून घ्यायचे. बदामीचा कडा काही साक्ष द्यायला येणार नव्हता.

बेंगळुरूत त्याला सगळे पत्तार सर म्हणत. त्याची चित्रं मोठी, भिंतभर. त्यांत ना माणूस, ना झाड, ना घर, नुसता रंग. एकावर एक तीस-चाळीस थर चढवायचे, वरचा वाळला की घासायचा, पात्यानं खरवडायचा, मग राखाडीच्या पोटातून शेंदरी डोकावायचा, शेंदरीच्या भेगेतून नीळ. समोर उभं राहिलं की वाटायचं, आत कोणीतरी दिवा लावून बसलंय. आणि हे सगळं जिथं संपायचं तिथं, अगदी तळाला, बोटबोटभर रुंदीच्या नऊ आडव्या पट्ट्या. त्या पट्ट्या म्हणजेच पत्तार. सहीसुद्धा करायची गरज नसे. दिल्लीत, मुंबईत, परदेशात दोन ठिकाणी त्या पट्ट्या टांगलेल्या होत्या आणि त्यांच्यावर लोकांनी जाडजूड लेख लिहिले होते.

आता त्याच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरायचं होतं आणि त्यासोबत एक पुस्तक निघायचं होतं. ते लिहीत होती चैत्रा नावाची मुलगी. हुशार, कामसू, आणि मौनेशच्या दृष्टीनं नको इतकी चौकस. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर त्याचं वाक्य मोठ्या अक्षरात छापायचं ठरलं होतं: 'मला गुरू नाही. मी एकटा शिकलो.'

मंगळवारी दुपारी चैत्राचा फोन आला.

"सर, एक गंमत सापडलीय. बनशंकरीच्या जत्रेतला नाटक कंपनीचा जुना फोटो. नट उभे आहेत, मागं दरबाराचा पडदा आहे, आणि पडद्याच्या खालच्या काठाला पट्ट्या आहेत. अगदी तुमच्यासारख्या."

"योगायोग असेल," मौनेश म्हणाला.

"असेलच. फोटो काळापांढरा आहे, रंग कळत नाहीत. पण तो पडदा गदगच्या कोणा मास्तरांचा होता म्हणे. शुक्रवारी जाऊन शोध घेते. पुस्तकात एक छान टीप होईल."

मौनेशनं फोन ठेवला. पंचेचाळीस वर्षं जे झाकून ठेवलं होतं त्याच्यावर ही पोरगी आता 'छान टीप' लिहिणार होती. सहासष्ट वर्षांच्या माणसानं अशा वेळी काय करावं? शहाणा माणूस फोन उचलून खरं सांगून मोकळा झाला असता. मौनेशनं बुधवारी पहाटे ड्रायव्हरला बोलावलं, हुबळीला एक मित्र आजारी आहे अशी घरी थाप मारली आणि गाडी गदगच्या रस्त्याला लावली. शुक्रवारच्या आत तो पडदा ताब्यात घ्यायचा होता. काय सांगायचं तेही ठरलं होतं: संग्रहालयासाठी हवाय, नीट जपला जाईल. प्रत्यक्षात तो त्याच्या गोदामात, पाठीमागच्या रॅकवर, कागदात गुंडाळून मरेपर्यंत पडणार होता.

दावणगेरे मागं पडलं तसं एकेक आठवायला लागलं, आणि आठवू नये म्हणून त्यानं रेडिओ लावायला सांगितला, तरी आठवतच राहिलं.

एकवीस वर्षांचा होईपर्यंत तो फकीरप्पा मास्तरांच्या हाताखाली होता. मास्तर नाटक कंपनीचे पडदे रंगवायचे. जंगल, रस्ता, तुरुंग, दरबार, बाग. कंपनीत नवं कापड सहसा कोणी घेत नसे. नवं नाटक आलं की जुन्या पडद्यावरच नवा देखावा चढवायचा, मांजरपाटावर सरसात कालवलेल्या रंगाचा आणखी एक थर. इतर रंगारी आधी पडदा धुऊन काढायचे. मास्तर धूत नसत. ते म्हणायचे, खालचा रंग मारायचा नाही, त्याला वरच्यातून बोलू द्यायचं. म्हणून त्यांच्या दरबाराच्या खांबांत जुन्या जंगलाचा हिरवा लपलेला असे आणि दिव्यांच्या उजेडात तो खांब श्वास घेतल्यासारखा वाटे.

पण जो धूत नाही त्याला खाली काय आहे ते ठाऊक हवं. नीळ सरसातून वर फुटते, तिच्यावर पांढरा दिला तर महिन्याभरात आकाश आजारी दिसायला लागतं. म्हणून त्यांच्या परंपरेत पडद्याचा तळचा हातभर काठ कोरा ठेवत. नवा थर चढवला की त्या थराच्या अस्तराचा रंग तिथं एक बोट रुंदीनं ओढायचा. जुनी पट्टी खाली, नवी तिच्यावर. पुढच्या रंगाऱ्यानं काठ बघायचा आणि समजायचं, खाली काय काय निजलंय आणि ते कोणी निजवलंय. दरबाराच्या पडद्यावर अशा नऊ पट्ट्या होत्या. पहिल्या दोन मास्तरांच्या गुरूंच्या गुरूंच्या, मधल्या तीन गुरूंच्या, वरच्या चार मास्तरांच्या.

दहावी मौनेशची होती.

त्या वर्षी बदामीजवळच्या बनशंकरीच्या जत्रेत तंबू लागला तेव्हा कंपनीच्या मालकानं दरबाराची बाग करायला सांगितली. मास्तर मौनेशला मोनप्पा म्हणत. ते म्हणाले, हा थर माझा मोनप्पा देणार. सकाळी पडद्यापुढं नारळ फुटला. मास्तरांनी निळीत भिजवलेलं सूत काठावर ताणून धरलं, टणकन सोडलं, कापडावर सरळ निळी रेघ उमटली. रेघेखाली एक बोटभर जागा. मग त्यांनी स्वतःचा रुंद ब्रश मौनेशच्या हातात दिला. एकदा असं सूत मारून ब्रश दिला की तो पडदा त्या शिष्याचा. त्यानं थर देईपर्यंत दुसऱ्या कोणी, गुरूनंसुद्धा, त्याला हात लावायचा नाही.

मौनेशच्या खिशात तेव्हा बेंगळुरूच्या चित्रशाळेचं पत्र होतं. त्यानं ब्रश घेतला, मास्तरांच्या पाया पडला, आणि संध्याकाळच्या खेळाची पहिली घंटा व्हायच्या आत बदामीहून हुबळीची बस पकडली. ब्रश तंबूच्या खुंट्याला टेकवून ठेवला. इतकी लाज मात्र त्याला होती, असं तो पुढं स्वतःला सांगत असे.

बेंगळुरूत सगळी चांगल्या घरची, इंग्रजी बोलणारी मुलं. कुठं शिकलास, असं पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं. नाटकाचे पडदे रंगवायचो हे त्याच्या जिभेवर आलं आणि तिथंच थिजलं. "कुठं नाही. एकटाच," तो म्हणाला. झालं, तिथून ते खोटं सुरू झालं.

गदगला पोचेस्तोवर दुपारचे दोन वाजले. ड्रायव्हरला जेवायला पाठवून तो शेजारच्या बेटगेरीत, विणकरांच्या गल्लीत चालत शिरला. मागांचा खटखट आवाज तसाच होता. घर विचारावं लागलं नाही, पाय आपसूक वळले. दारात एक साठीची बाई शेंगा सोलत बसली होती. अंगानं भरलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिनं मान वर केली आणि डोळ्यांवर हात धरून बघितलं.

ती नीलव्वा, मास्तरांची मुलगी. तो गेला तेव्हा पंधरा वर्षांची होती. पुढं तीस वर्षं तिनं वेगवेगळ्या नाटक कंपन्यांत खलनायिकेची कामं केली, आणि तो आवाज अजून शाबूत होता.

"या, या, बेंगळुरूचे साहेब," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "रस्ता चुकलास की काय अण्णा?"

मौनेश कसाबसा हसला. मास्तर कसे आहेत, असं त्यानं विचारलं खरं, पण विचारताना मनात काय होतं ते सांगायची सोय नाही. ते नसावेत असं त्याला वाटत होतं. नसते तर सोपं झालं असतं.

"आहेत की. ब्याण्णव झाली. एक डोळा गेला, दुसऱ्यानं उजेड आणि सावली तेवढी कळते. कान मात्र कुत्र्याचे आहेत, म्हणून हळू बोल," नीलव्वा म्हणाली, आणि लगेच स्वतःच घर दणाणून सोडलं. "अप्पा, मोनप्पण्णा आलाय!"

आत खाटेवर मास्तर बसले होते. कातडी हाडाला चिकटलेली, पण पाठ ताठ. मौनेश वाकला. मास्तरांनी त्याचा हात धरला आणि बोटांची पेरं चाचपली, अंगठ्याच्या बाजूला ब्रशानं पडलेला घट्टा शोधून काढला.

"आहे," ते म्हणाले. "काम करतोस."

मग नीलव्वानं चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरची भजी केली, शेजारची दोन माणसं डोकावून गेली, बेंगळुरूच्या पाण्यानं अण्णाचे सगळे केस नेले यावर थट्टा झाली. कोणी रागावलं नाही. का गेलास, असं कोणी विचारलं नाही. मौनेशला ते जास्त जड जात होतं. शिव्या मिळाल्या असत्या तर त्यानं खाली मान घालून खाल्ल्या असत्या आणि निदान काहीतरी फेडल्यासारखं वाटलं असतं.

तो गेल्यावर काय झालं तेही नीलव्वाच्या बोलण्यातून इकडचं तिकडचं सांगता सांगता आलं, तक्रार म्हणून नव्हे. मालकाला बाग हवी होती. मास्तर म्हणाले, पडदा मोनप्पाचा आहे, मी हात लावणार नाही. मालकानं दुसरा रंगारी आणला, मास्तर पडद्यासमोर आडवे उभे राहिले. भांडण विकोपाला गेलं. शेवटी मालक म्हणाला, घेऊन जा तो तुझा पडदा. मास्तर पडदा खांद्यावर टाकून गदगला आले ते परत कंपनीत गेले नाहीत. दुकानांच्या पाट्या रंगवल्या, गणपती रंगवले. पुढं पडद्यांच्या जागी छापील फ्लेक्स आले आणि तो विषयच संपला.

मौनेशनं हातातलं भजं परत ताटलीत ठेवलं. याची त्याला सुतराम कल्पना नव्हती. त्याला वाटलं होतं, आपण गेलो, मास्तर दोन दिवस चिडले असतील, मग स्वतः बाग रंगवून मोकळे झाले असतील. पण त्याला खरंच कल्पना नव्हती का? नियम त्याला ठाऊक होता. सूत मारताना त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. कल्पना करायची नव्हती, एवढंच.

तरीही, आणि हे लिहिताना त्याच्याबद्दल रागच येतो, त्यानं ठरवलेलं वाक्य बोलून टाकलं. दरबाराचा पडदा अजून आहे का? असेल तर संग्रहालयात नेऊन ठेवू म्हणतो, तिथं नीट राहील.

"आहे म्हणजे काय!" नीलव्वाचे डोळे भरून आले. "अप्पा, अण्णा पडद्यासाठी आलाय."

"मग एवढा वेळ भजी कसली चारतेस त्याला?" मास्तर म्हणाले. "सरस तापत ठेव, दहावी मारायचीय त्याला."

पडदा शेजारच्या विणकराच्या हातमागाच्या खोलीत वर आडव्या बांबूवर होता. कडुलिंबाचा पाला घालून गुंडाळलेला, वरून जुनं इलकल लुगडं. दरवर्षी दसऱ्याला आयुधांची पूजा होते तेव्हा नीलव्वा ब्रशांबरोबर त्यालाही हळदकुंकू वाहायची. शेजारच्या विणकरांनी हात लावला, पडदा मास्तरांच्या अंगणातल्या भिंतीवर सोडला. दुपारचं ऊन त्याच्यावर पडलं.

दरबाराचे खांब आता फिके पडले होते, सरस जागोजागी तडकला होता, पोपडे सुटले होते, आणि प्रत्येक तड्यातून खालचा रंग वर आला होता. सिंहासनाच्या पाठीतून जंगल. जाजमातून तुरुंगाचे गज. राखाडीच्या पोटातून शेंदरी. पंचेचाळीस वर्षं तो पॉलिश पेपरनं घासून, पात्यानं खरवडून जे आणत होता ते इथं विणकरांच्या गल्लीतल्या एका अंगणात नुसतं काळानं करून ठेवलं होतं, त्याच्यापेक्षा चांगलं.

आणि तळाला नऊ पट्ट्या. काव, पिवडी, नीळ, परत काव, हिरवा, शेंदरी, जांभळा, राखाडी, हळदी. त्यांच्यावर एक बोट कोरी जागा. तिच्यावर निळी रेघ, काल मारल्यासारखी.

नीलव्वा आतून एक वही घेऊन आली. शाळेची जुनी वही, तिच्यात वर्तमानपत्रांची कात्रणं खळीनं चिकटवलेली. मौनेशचे फोटो, त्याच्या चित्रांचे फोटो, काही रंगीत. पानं हाताळून मऊ झाली होती.

"डोळे होते तोवर भिंग घेऊन बघायचे," ती म्हणाली. "नंतर मी वाचून दाखवायची. पट्ट्यांचे रंग विचारायचे एकेक."

म्हणजे यांना ठाऊक होतं. सुरुवातीपासून ठाऊक होतं. बदामीचे कडे, एकटा शिकलो, गुरू नाही, सगळं या अंगणात मोठ्यानं वाचलं गेलं होतं, त्या खणखणीत आवाजात.

मास्तर काठीच्या आधारानं पडद्यापाशी आले. त्यांनी वाकून काठाला हात लावला, एकेका पट्टीवर बोट ठेवत वर सरकले, आणि जांभळ्यावर थांबले.

"ही नीलव्वाची आई गेली त्या सालची," ते म्हणाले. "दुसरा रंग कालवायला गेलो की हाच व्हायचा. ही तू दिल्लीला लावलीस ना?"

"हो, मास्तर."

"मी मोजल्या तुझ्या. नऊच्या नऊ, याच ओळीनं. पहिल्यांदा नीलव्वा तापली, म्हणाली, अप्पा, त्यानं आपलं चोरलं. मी म्हटलं, गप, चोरी कसली? पोरगं गिरवतंय. आधी गुरूचं गिरवावंच लागतं, मीही गिरवलंय. हात बसला की दहावी येईल." त्यांनी कोऱ्या जागेवर बोट टेकवलं. "दरवर्षी वाटायचं, यंदा येईल. नवीन चित्र छापून आलं की आधी विचारायचो, किती आहेत गं? ती म्हणायची, नऊ. इतकी वर्षं झाली. नऊवरच अडकलास होय रे?"

हे त्यांनी चिडून विचारलं नव्हतं. मास्तर विद्यार्थ्याला विचारतो तसंच, काळजीनं विचारलं होतं.

मौनेशला अंगावरचे कपडे कोणी काढून घेतल्यासारखं झालं. चोर म्हणून पकडला जाईन, या भीतीनं तो इतका लांब धावत आला होता. पण चोराकडे निदान चोरलेला माल असतो. याच्याकडे काहीच नव्हतं. मोठमोठ्या लेखांतून ज्याला द्रष्टा म्हटलं, तो माणूस म्हातारा होईपर्यंत दुसऱ्याची पाटी गिरवत होता, आणि हे जगात एकट्या फकीरप्पा मास्तरांना कळलं होतं. त्यांनी तो पाटी पुसून स्वतःचं अक्षर काढेल म्हणून वाट बघितली होती. मौनेशला इतकी शरम वाटली की ऊनही डोळ्यांना सोसेना.

सरस तापला. मास्तर खाटेवर परतले आणि आतून सूचना द्यायला लागले, पाणी जास्त नको, रंग उन्हात कालव. नीलव्वानं रंगांच्या पुड्या भिंतीशी मांडल्या. मौनेश तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "नीलव्वा, संग्रहालय वगैरे काही नाही. मी हा पडदा लपवायला न्यायला आलो होतो. एक मुलगी पुस्तक लिहितेय, तिला सापडू नये म्हणून."

नीलव्वाचा हात पुडीवर थांबला. मग तिनं पुडी त्याच्या पुढ्यात सरकवली.

"हे अप्पांना सांगू नको," ती म्हणाली. "ब्याण्णव वर्षांच्या माणसाला आज सण वाटतोय. ब्रश धर."

तो तोच रुंद ब्रश होता. तंबूच्या खुंट्याला टेकवलेला.

मौनेशनं वाटीत रंग घेतला. आधी काव घेतली, तीत थोडी काजळी टाकली, वाटीकडे बघितलं. ती चौथी पट्टी झाली होती. ओतून दिली. निळीत पिवडी घातली, हिरवा आला, हुबेहूब पाचवी. शेंदरात पांढरा टाकला, सहावी. तो कालवत गेला, ओतत गेला. अंगणात रंगीत चिखल झाला. जन्मभर रंगांत बुडालेला माणूस, पण हात जाईल तिथं कोणीतरी आधीच बसलेलं होतं, कधी मास्तर, कधी मास्तरांचे गुरू. ज्या रंगाला माझा म्हणावं असा एक थेंब त्या हाताला सापडेना. नीलव्वा बघत होती. थोड्या वेळानं ती उठून आत गेली, त्याला एकट्यालाच सोडून.

तासाभरानं आतून मास्तरांचा आवाज आला.

"कोणता मारलास?"

एका क्षणात मौनेशच्या मनात आलं, काहीतरी सांगून टाकावं. गुलाबी म्हणावं, मोरपंखी म्हणावं. म्हाताऱ्याला दिसत नाही, आनंदानं डोळे मिटेल. एकच वाक्य, आणि खोटं बोलायची त्याला सवय होती. तोंड उघडलंही त्यानं.

मग तो उठला, आत गेला आणि खाटेपाशी जमिनीवर बसला.

"नाही मारली, मास्तर. माझ्याकडं रंग नाही. आणि मी रंगवायला आलोच नव्हतो. पडदा लपवायला आलो होतो. सगळ्यांना सांगत आलोय की मला गुरू नाही."

दारातून नीलव्वानं कपाळावर हात मारून घेतला. मास्तरांच्या ज्या चेहऱ्यावरून दुपारभर काही ना काही सरकत होतं तो चेहरा आता नुसता म्हातारा दिसत होता.

"वाचलंय तेही," ते म्हणाले. "वाटलं, पेपरवाले काहीही छापतात."

एवढंच. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मौनेशनं त्यांच्या पायांना हात लावला. मास्तरांनी पाय मागं घेतला नाही आणि आशीर्वादही दिला नाही.

तो अंगणात आला आणि त्यानं चैत्राला फोन लावला. शुक्रवारी शोध घ्यायची गरज नाही, म्हणाला, बेटगेरीत ये, मी इथंच आहे, पडदा समोर आहे. पहिल्या पानावरचं वाक्य काढून टाक. चैत्रा गोंधळली. मग त्या जागी काय लिहायचं सर, असं तिनं विचारलं.

"नऊ पट्ट्यांची नावं लिही," मौनेश म्हणाला आणि तिथंच थांबला. वरच्या चार मास्तरांच्या. खालच्या पाच कोणाच्या, ती नावं त्याला आठवत नव्हती. आयुष्यभर त्यांचे रंग हातात खेळवले आणि नावं विसरला. त्यानं दाराकडे बघितलं.

आतून, भिंतीकडे तोंड केलेल्या अवस्थेतच, मास्तरांचा आवाज आला, एकसुरी, पाढे म्हटल्यासारखा. "पहिली, दुसरी दोड्डबसप्पा, मुळगुंदचे. तिसरी, चौथी, पाचवी हुसेनसाब, लक्ष्मेश्वरचे."

मौनेशनं एकेक नाव फोनमध्ये सांगितलं. पुढच्या चार, फकीरप्पा, गदगचे. चैत्रा लिहून घेत होती, कागदाची सळसळ ऐकू येत होती.

"फोटोत वर आणखी एक कोरी जागा दिसतेय सर," ती म्हणाली. "रेघ मारलेली. ती?"

"ती माझी," मौनेश म्हणाला. "कोरीच आहे. शुक्रवारी तिचा फोटो घे, आणि मला तिच्या शेजारी उभं कर. तो पहिल्या पानावर छाप."

फोन खिशात ठेवून तो अंगणातला रंगाचा चिखल धुवायला बादली शोधू लागला. नीलव्वानं ती आणून त्याच्या पायाशी आदळली आणि ब्रश उचलून धुवायला नेला.